सप्टेंबरची गैरहजेरी

गणपती जवळ आले की माझं डोकं फिरतं. रत्नागिरीत हे वाक्य मोठ्याने बोलायची सोय नाही, म्हणून लिहून टाकते.

देवावर माझा राग नाही. देवाने कधी मला फोन करून 'ये' म्हणून सांगितलं नव्हतं. राग आहे तो त्याच्या नावाने फोन करणाऱ्या माणसांवर, आणि त्यातली बरीचशी माझ्याच घरातली आहेत. बाकी थोडा एजंटवर आहे. त्याचा फलक अजून बसस्टँडसमोर लटकतो, आणि त्यावर पांढरे कोट घातलेली, कुठल्या तरी परक्या मुलखातली गोरी मुलं हसत उभी असतात. तिथून जाताना मी रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने जाते.

मी डॉक्टरकी शिकायला किर्गिझस्तानात होते. आमच्या गावात त्याला 'रशिया' म्हणतात. सुरुवातीला मी नकाशा काढून दाखवायचे. हा रशिया, हा इथे खाली चीनला चिकटलेला किर्गिझस्तान, डोंगरच डोंगर, समुद्र अजिबात नाही. थोरले काका चष्मा वर करून नकाशा नीट बघायचे आणि म्हणायचे, "म्हंजे रशियाच ना गो?" पालथ्या घड्यावर किती पाणी ओतणार? पुढे मीही 'होय, रशियाच' म्हणायला लागले.

बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षेत सरकारी जागेपुरते गुण मला पडले नाहीत आणि खाजगी कॉलेजचं नाव काढायची घरात कुणाची छाती नव्हती. मग एजंट आला. शिक्षण इंग्रजीत, जेवण आपलं, हॉस्टेलात सगळी आपलीच मुलं, हजेरीचं टेन्शन नाही, असं तो एका दमात म्हणाला. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. हजेरीचं टेन्शन नाही असं सांगणाऱ्या माणसाला त्यांनी तिथल्या तिथे बाहेरची वाट दाखवायला हवी होती. त्यांनी विचारलं काय, तर "गणपतीला येता येईल ना?"

"सर, मुलं सुट्टीला येतात ती गणपती करूनच परत जातात," एजंट म्हणाला. "आमची कोकणातली सगळी बॅच तशीच."

बाबांचा चेहरा फुलला. माझा सगळा पुढचा घोळ त्या एका उत्तरात होता, पण तेव्हा आम्ही सगळ्यांनी चहा घेतला आणि मीही खूश होते.

बाबांचंही एका अर्थी बरोबर होतं. आमच्याकडे शाळांना गणपतीची सुट्टी असते. बाबा शिकले तेव्हा होती, शिकवायला लागले तेव्हा होती, मी शिकले तेव्हाही होती. गणपतीत जगात कुठे तरी शाळा भरत असेल ही गोष्टच त्यांच्या डोक्यात शिरेना. दिवाळीत शाळा असते म्हटलं असतं तर एक वेळ त्यांनी मानलं असतं.

आणि त्या देशात सगळं शिक्षण सुरू होतं एक सप्टेंबरला. सात वर्षांचं पोर पहिलीत जातं ते त्या दिवशी, अकरावीतला मुलगा शेवटच्या वर्षाला बसतो तो त्या दिवशी, आणि विद्यापीठही त्याच दिवशी उघडतं. आपल्याकडे शाळा सुरू झाल्यावर पुस्तकं यायला एक महिना, शिक्षक यायला दोन, तसला प्रकार नाही. त्या दिवशी वर्गात बसायचं म्हणजे बसायचं.

परीक्षेची रीतही वेगळी. टेबलावर चिठ्ठ्या पालथ्या घातलेल्या असतात. तुम्ही एक उचलायची, बाजूला बसून विचार करायचा आणि मग परीक्षकाच्या तोंडावर उत्तर द्यायचं. अपेक्षित प्रश्नसंच घोकून पुरवण्या भरत बसण्याची सोय नाही. गुण पाचापैकी. पाच म्हणजे उत्तम, तीन म्हणजे ढकललं, दोन म्हणजे नापास. एक कुणाला देत नाहीत, का ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि तास बुडवला तर तो तुमच्या नावावर उधार राहतो. त्या शिक्षकाकडे त्याच्या सवडीने जायचं, बुडालेला सगळा धडा तोंडी द्यायचा, त्याला पटलं तर तो तुमची गैरहजेरी खोडतो. याला ते 'अत्राबोत्का' म्हणतात. बुडवलेलं काम करून फेडणं. आपल्याकडे हजेरीची टक्केवारी भरली की उरलेले तास ही आपली कमाई असं मुलं धरून चालतात. तिथे एकही तास सुटत नाही.

म्हणजे त्यांच्या स्वतःच्या मुलांना सुटत नाही. आम्हां परदेशी पोरांची इमारत वेगळी होती. तिथे कुणी तरी पडद्यावरचं इंग्रजी वाचून दाखवायचं आणि आम्ही ते वहीत उतरवायचो. रुग्ण दिसायचा नाही, दिसला तर त्याची भाषा आम्हांला यायची नाही, आणि भाषेचा तास सप्टेंबरात सुरू व्हायचा तेव्हा आम्ही गावात आरत्या म्हणत असायचो. परतलो की एजंटचा माणूस सगळ्यांच्या गैरहजेऱ्या गोळा करायचा, कुठे तरी काही तरी पोचवायचा, आणि त्या खोडल्या जायच्या. पोरं त्याला देवमाणूस म्हणायची. मला आज त्या माणसाचा संताप येतो. आम्ही पाच-पाच, सहा-सहा वर्षांनी तिथून डॉक्टर म्हणून बाहेर पडणार होतो, आणि समोरच्या माणसाला कुठे दुखतंय हे विचारता येऊ नये याची चोख व्यवस्था तो करत होता.

तिथल्या शिक्षकांना 'गणपती' हा शब्द पाठ झाला होता. कोकणातला मुलगा दिसला नाही की हजेरी घेणारी बाई स्वतःच म्हणायची, "गणपती?" आणि बाकीची मुलं माना डोलवायची. कुणी जानेवारीत ताप येऊन पडला तरी "गणपती?" आम्ही हसायचो. हसण्यासारखं त्यात काय होतं, देव जाणे.

चौथ्या वर्षी आम्हांला जी प्राध्यापिका मिळाली ती हसणाऱ्यातली नव्हती. हृदय आणि फुप्फुसांचा वॉर्ड तिच्याकडे होता. साठीच्या पुढची, ठेंगणी, पांढऱ्या टोपीखालून एक केस दिसू न देणारी. तिथे शिक्षिकेला 'एजे' म्हणतात, आपण ताई म्हणतो तसं. एजंटचा माणूस आमच्या गैरहजेऱ्या घेऊन तिच्याकडे गेला आणि पाचव्या मिनिटाला बाहेर आला. तिचा निरोप असा होता, की ज्याने तास बुडवलाय त्याने स्वतः यावं, आणि अत्राबोत्का पुस्तकातून नाही, पलंगाशेजारी द्यावी. एक रुग्ण, त्याची सगळी हकीकत त्याच्याच भाषेत विचारायची, दुभाषा नाही.

पोरांचं धाबं दणाणलं. काहींनी दुसऱ्या विद्यापीठात नावं हलवली. काहींनी आणखी मोठा देवमाणूस शोधला. मी तिच्या खोलीत गेले ती भांडायच्या तयारीने. मी म्हटलं, हा आमचा मोठा सण आहे, घरी जावंच लागतं.

"दर वर्षी?" तिने विचारलं.

"दर वर्षी."

"तो देव आजारी असतो का?"

मला राग आला. मी म्हटलं, तुम्हांला नाही कळायचं. तेव्हा ती खुर्चीत मागे टेकली आणि तिने मला आपली गोष्ट सांगितली. ती दक्षिणेकडच्या एका खेड्यातली. सोव्हिएत राज्य होतं तेव्हा शरद ऋतू आला की विद्यार्थ्यांना शेतावर नेत, कुठे कापूस वेचायला, कुठे बटाटे काढायला. तिच्या वाट्याला तंबाखू यायचा. वर्ग सुरू होण्याऐवजी महिनाभर तंबाखूची पानं खुडायची, हात काळे-चिकट, जेवणालासुद्धा तो वास. वर्तमानपत्रात त्यांचे हसरे फोटो यायचे. "ते दिवस कुणी परत दिले नाहीत," ती म्हणाली. "मी ऑक्टोबरात येऊन एकेक तास फेडला. मला तर जबरदस्तीने नेत होते. तुला कोण नेतं?"

उत्तर माझ्याकडे होतं. मी दिलं नाही, कारण आपल्या घरच्यांविरुद्ध परक्या बाईजवळ बोलायचं नाही असं मला शिकवलेलं. आता वाटतं, बोलायला हवं होतं.

वसंतात मी अत्राबोत्का द्यायला उभी राहिले. पलंगावर एक म्हातारी होती, धाप लागलेली, पाय सुजलेले. शेजारी तिची सून. मी पाठ केलेले पाच-सहा प्रश्न म्हातारीला विचारले. ती किर्गिझमध्ये जे बोलली त्यातलं मला अक्षरही कळलं नाही. मग मी सुनेकडे वळले. सून मला जुजबी येणारं रशियन बोलत होती, थोडं इंग्रजी मिसळत होती, छान चाललं होतं आमचं. प्राध्यापिकेने हात वर केला.

"सुनेला मी दाखल केलेलं नाही," ती म्हणाली.

मला दोन मिळाले. ती म्हणाली, आता एकच संधी, सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, मी कळवीन त्या दिवशी. ती हुकली किंवा पुन्हा दोन पडले तर पाचव्या वर्षाला बसता येणार नाही, हेच वर्ष परत. आमच्या घराला आणखी एक वर्ष झेपणार नव्हतं हे मला चांगलं माहीत होतं. वर्ष गेलं की मी घरी बसणार, आणि घरी बसले की माझं लग्न लावून देणार, हा हिशेब मांडायला कुणी ज्योतिषी नको होता.

त्या उन्हाळ्यात बाकीची पोरं घरी गेली आणि मी जुलैभर तिथेच राहिले. सकाळी वॉर्डात जायचं आणि म्हाताऱ्या बायकांजवळ बसायचं. त्या बायकांना 'अपा' म्हणतात. अपांना बोलायला माणूस हवंच असतं. त्यांनी मला सुना, नातवंडं, मेंढ्या आणि गुडघे या चार विषयांवर पुष्कळ शिकवलं. मी चुकले की पोट धरून हसायच्या. माझी भाषा सुधारली ती अशी. ऑगस्टमध्ये मी गावी आले तेव्हा परतीचं तिकीट काढून आले होते, आणि ते एक सप्टेंबरच्या आधीचं होतं.

आमच्या चार घरांचा मिळून एक गणपती. तो मूळ घरी बसतो आणि दर वर्षी एका घराने सगळं करायचं असतं. नेमकं ते वर्ष आमचं होतं. बाबांनी पूजा करायची, आईने रांधायचं आणि मी आईच्या हाताखाली राबायचं. मुंबईहून चुलत भाऊ येणार, त्यांच्या बायका येणार, पाहुणे येणार. भाऊ कंपनीत 'गावी गणपती आहे' म्हणून सांगतात आणि येतात. इथे आले की झोपाळ्यावर बसून चहा मागतात. त्यांना कुणी विचारत नाही, की तुझ्या हाताने काय झालं?

मी तारीख सांगितली तेव्हा बाबा ओटीवर मखराच्या काठ्या तासत होते. त्यांना आधी वाटलं, माझी चूक होतेय.

"चतुर्थी त्याच्यानंतर आहे," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"मग?"

मी सगळं सांगितलं. वॉर्ड, म्हातारी, दोन गुण, परत वर्ष. त्यांनी ऐकून घेतलं. शिक्षक माणूस, मला वाटलं यांना तरी कळेल. ते म्हणाले, "रजेचा अर्ज दे. मी लिहून देतो इंग्रजीत. बाई आहे ना ती? बायकांना सणवार समजतात." आणि खरंच त्यांनी अर्ज लिहिला, 'रिस्पेक्टेड मॅडम'पासून. स्वतःच्या वर्गातलं एखादं पोर आंबे काढायला म्हणून दोन दिवस घरी राहिलं तर पालकांना शाळेत बोलावून घेणारे हे माझे बाबा. मी तो अर्ज घेतला नाही. त्यांनी तो माझ्या हातात कोंबला. मी तो ओटीवर ठेवला आणि आत गेले.

संध्याकाळी थोरले काका आले. ते मला काही बोललेच नाहीत. माझ्यादेखत बाबांना म्हणाले, "पोरीला शिकवलंस ता बरा केलंस. पन आता ती तुला शिकवतेय. देवापेक्षा मोटी झाली काय ती?" बाबा काठी तासत राहिले. आई चहाचे कप घेऊन उभी होती. मी म्हटलं, "काका, तुमच्या दोन्ही मुलांचं एकेक वर्ष गणपतीवर ओवाळून टाका, मग मला सांगा." त्यानंतर जे झालं ते इथे लिहीत नाही. कपबशा मात्र आईने वेळेवर खाली ठेवल्या.

मी निघाले त्या दिवशी बाबा परसात होते. पुढे आले नाहीत. आई तिठ्यापर्यंत आली, पिशवी हातात दिली आणि परत फिरली. तिला घरात शंभर कामं होती. रत्नागिरीहून मुंबईला जाणाऱ्या एसटीत आम्ही मोजून पाच माणसं. समोरून येणाऱ्या गाड्या मात्र भरभरून, खिडक्यांना बोजकी बांधलेली, टपावर मखरं. कंडक्टरने दोनदा विचारलं, की ताई, उलट्या गाडीत तर नाही ना बसलात? मी त्याच्यावरही डाफरले. त्या बिचाऱ्याचं काही चुकलं नव्हतं.

एक सप्टेंबरला मी पहिल्यांदा त्या शहरात होते. इतकी वर्षं राहून पहिल्यांदा. सकाळी रस्त्यावर आले तर जिकडेतिकडे मुलं. मुलींच्या वेण्यांना डोक्याएवढी पांढरी फुलं बांधलेली, मुलगे कडक कपड्यांत, प्रत्येकाच्या हातात शिक्षकांसाठी फुलांचा गुच्छ. एका शाळेच्या कुंपणापाशी थांबले. अकरावीतल्या एका दांडग्या मुलाच्या खांद्यावर पहिलीतली एक चिमुरडी बसली होती आणि हातातली घंटा जिवाच्या आकांताने वाजवत होती. तो तिला घेऊन सगळ्या मैदानाला फेरी मारत होता. आयाबाया रडत होत्या. पहिली घंटा म्हणतात त्याला. मी कुंपणाला धरून उभी राहिले आणि मला इतका संताप आला की काही सुचेना. दर वर्षी हे इथे होत होतं. इथे शाळेचा पहिला दिवस हाच सण होता, आणि मी शिक्षकाची मुलगी असून तो एकदाही पाहिला नव्हता.

त्यानंतर बाबांचा फोन नाही. मी केला तर उचलत नसत. आई भांडी घासता घासता दोन मिनिटं बोलायची. प्राध्यापिकेने मला दिवस कळवला, आणि तो नेमका गौरी-गणपती विसर्जनाचा निघाला. आईला मी सांगितलं, की त्या दुपारी माझी परीक्षा आहे. ती "बरा" म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यांच्यात आणि आपल्यात अर्ध्या तासाचा फरक, त्यामुळे इकडची दुपार ती तिकडची दुपार. मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर पांढरा कोट घालून बसले होते. आत कुणा दुसऱ्याची पाळी चालू होती. फोन थरथरला. आईचा. उचलला तर ती काही बोलेना. नुसता गलका, झांजा, आणि मग एकदम शांतता. माझ्या लक्षात आलं, तिने फोन पदराआड धरलाय आणि आता गणपती उचलण्याआधीचं गाऱ्हाणं सुरू होतंय.

गाऱ्हाणं म्हणजे घरातल्या मोठ्या माणसाने सगळ्यांच्या वतीने देवाला मोठ्या आवाजात सांगणं, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार देणं. बायका मागे उभ्या राहतात. त्या होकारात आवाज मिसळतात, पण मागणं पुरुषाचं.

"बा देवा म्हाराजा!" थोरल्या काकांचा आवाज आला. "आज ही चार घरांची लेकरं तुज्या म्होरं हात जोडून उबी हायत."

"व्हय म्हाराजा!"

"जी काय सेवाचाकरी केली ती गोड मानून घे. चुकलंमाकलं पोटात घाल."

"व्हय म्हाराजा!"

"जी पोरं मुंबयला पोटापाण्याला गेली हायत, त्यांच्या हाताला येस दे."

"व्हय म्हाराजा!"

"आनि जी पोर तुजा सन टाकून परमुलखात गेली, तिला सुबुद्दी दे. तिचा पाय मागारी फिरव म्हाराजा, नि तिला एका चांगल्या घरात पडूं दे."

"व्हय म्हाराजा!"

सगळे म्हणाले. जोरात म्हणाले. त्यात बाबांचा वर्गात कविता म्हणणारा आवाज मला ओळखू आला. मी दरवाजाबाहेर बसलेय, अर्ध्या तासात माझं वर्ष राहणार की जाणार हे ठरायचंय, आणि माझं आख्खं घर हात जोडून देवाजवळ मागतंय की ही परत येऊ दे. माझ्या बाजूने मागायला तिथे कुणी नव्हतं. मी फोन बंद करणार होते.

तेवढ्यात अगदी जवळून, फोनच्या तोंडाशी, आईचा आवाज आला. कुजबुज नव्हती ती. ती सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"आनि तिची आजची परीक्षा पास हुंदे, म्हाराजा."

आमच्या घरात बाईने गाऱ्हाण्यात मागणं मागितल्याचं कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. मी होकाराची वाट बघत होते. भाऊ होते तिथे, त्यांच्या बायका होत्या, बाबा होते. सगळे मूग गिळून उभे. तिच्या मागण्याला होकार द्यायला एक तोंड उघडेना, आणि ती तिथे एकटी हात जोडून उभी असणार हे माझ्या डोळ्यांपुढे आलं.

मी बाकावरून उठले आणि त्या परक्या इस्पितळाच्या व्हरांड्यात होता नव्हता तेवढा जीव काढून ओरडले, "व्हय म्हाराजा!"

एका नर्सच्या हातातला ट्रे हलला. रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माना वळवल्या. तिकडे आईच्या पदरातून माझा आवाज ओटीभर गेला असणार, कारण कुणी तरी "अरे देवा" म्हणालं आणि फोन कट झाला. वॉर्डाचं दार उघडलं. प्राध्यापिका.

"कोण ओरडलं?"

"मी."

"काय झालं?"

"प्रार्थना होती."

"संपली?"

"संपली."

"मग आत ये."

पलंगावर डोंगरातला एक मेंढपाळ होता. छातीत कळ आली म्हणून आणलेला. उशाशी त्याचा मुलगा, छान शहरी कपड्यांतला. मी प्रश्न विचारला की उत्तर मुलगाच द्यायला लागला. मी त्याला म्हटलं, तुम्ही बाहेर बसा. त्याच्या भाषेत म्हटलं, आणि ज्या आवाजात म्हटलं तो आवाज खरं तर आमच्या ओटीवरच्या सगळ्यांसाठी होता. तो उठून गेला. मग मी म्हाताऱ्याजवळ स्टूल ओढलं आणि त्याला विचारलं, कळ कुठून निघाली, कुठे गेली, काय करत होता, घाम आला का, भीती वाटली का? तो सगळं बोलला. कधीपासून दुखत होतं तेही बोलला. ते त्याच्या मुलालाही माहीत नव्हतं.

प्राध्यापिकेने चार दिले. एक का कापला विचारलं तर म्हणाली, "नाडी रागात मोजलीस." आणि माझी गैरहजेरी खोडली.

मी आईला फोन केला तेव्हा पुरुषमंडळी पऱ्याच्या वाहत्या पाण्यात गणपती पोचवून परत आली होती आणि ओटीवर चहाची वाट बघत होती. आई स्वयंपाकघरात होती.

"आये, झाले पास."

"थांब," ती म्हणाली. तिने फोन बंद केला नाही. तिच्या बांगड्या वाजल्या, पावलं वाजली, मग ओटीवरचं बोलणं जवळ आलं.

"पास झाली ती," आई म्हणाली.

"कोन?" काकांनी विचारलं.

"कोन म्हंजे? माजी पोर. नि आयका, पुडल्या गनपतीला पन ती यायची नाय. रांदायला मानसं कमी पडली तर तुमी बसा मोदक वळायला."

चहाचंही कुणी नाव काढलं नाही. मग परत बांगड्या वाजल्या आणि आईचा आवाज थोडा लांबून आला. ती बाबांसमोर जाऊन उभी राहिली असावी.

"घ्या," ती म्हणाली. "बोला तिच्याशी."

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचं मला कळलं. पुढे बराच वेळ नुसता बाबांचा श्वास ऐकू येत होता. भांडण झालं की दर वेळी फोन मीच करत आले होते, समजूत मीच काढत आले होते. या वेळी पहिला शब्द त्यांनी काढायचा होता, आणि मी फोन कानाला लावून, घट्ट धरून, त्या शब्दासाठी उभी राहिले.